चाळिसावी संमती : मुलुंडमधल्या एका सोसायटीचं प्रकरण

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाला चाळीसपैकी एकच सही राहिली होती. ती ज्या घराची होती तिथल्या, शेजारच्या वहिनींना हे प्रकरण लिहिण्याआधी मी विचारलं. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि मग फोन केला. म्हणाल्या, "लिहा भावोजी, पण अडचण दुसरी लिहा." म्हणून सही अडण्याची इथे आलेली अडचण त्यांची नाही. सह्यांचा गुंता तोच राहील, कायद्याचा पेच तोच राहील आणि झाकून ठेवावं असं जे होतं त्याचं वजनही साधारण तेवढंच राहील, अशी दुसरी अडचण आम्ही दोघांनी बसून ठरवली. मजला, माणसांची वयं, महिने बदलले आहेत. मुलुंड पूर्वेतली जुनी इमारत, तिचा पुनर्विकास आणि मी त्या वेळी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, एवढं आहे तसं ठेवलं आहे.

इमारत

तळमजला अधिक चार मजले, दोन विंग, चाळीस घरं. बांधकाम १९७८चं. बहुतेक घरं वन रूम किचन. मिठागर रोडच्या बाजूला अशा इमारतींच्या रांगा होत्या, आता एकेक करून पत्र्याच्या आड जातायत. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, मुंबई महापालिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे. आमचं २०२२मध्ये झालं. कॉलमचं प्लास्टर सुटलं होतं, गच्चीखालच्या घरांत स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या होत्या. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर सभेत पुनर्विकासाचा विषय निघणं ओघानेच आलं.

सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली सरकारने ४ जुलै २०१९ला पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिली आहे. विशेष सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत, ठरावाच्या बाजूने एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के हवेत, सभेचं चित्रीकरण हवं. चाळीस सभासदांत ५१ टक्के म्हणजे एकवीस. आमच्याकडे पहिल्याच फेरीत तेहतीस संमतीपत्रं जमा झाली. कायद्यापुरतं काम झालं होतं. रीतसर बहुमताने ठरलेला पुनर्विकास मूठभर सभासदांना अडवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानेही अनेकदा सांगितलं आहे. पण विकासकाचं गणित वेगळं असतं. त्याला प्रत्येक सभासदाशी कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदवायचा असतो, प्रत्येक घर रिकामं करून घ्यायचं असतं. एक घर अडलं तरी कोर्टाच्या तारखा सुरू आणि बँकेचं व्याजही सुरू. आमच्या विकासकाने सांगून टाकलं, चाळीसच्या चाळीस सह्या झाल्याशिवाय बांधकामाच्या काळातल्या घरभाड्याचे चेक निघणार नाहीत.

इथपासून 'संमती' हा शब्द आमच्या जिन्यात जो फिरू लागला तो दीड वर्षं फिरत राहिला.

फळा

जे घडलं त्याचं मूळ माझ्याच एका जुन्या कामात आहे, म्हणून थोडं मागे जावं लागेल.

२००६मध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं आणि पहिल्याच पावसात चौथ्या मजल्यावर पाणी गळायला लागलं. मी साधा सभासद होतो. बिलं बघायला मागितली. उत्तर आलं, "तुमचा विश्वास नाही का आमच्यावर?" माहिती अधिकार कायदा नुकताच, १२ ऑक्टोबर २००५ला जम्मू-काश्मीर सोडून देशभर लागू झाला होता. महाराष्ट्रात तर अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर राज्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा आधीच आला होता. मला वाटलं, आता कोण अडवणार. पण गृहनिर्माण सोसायटी म्हणजे सरकारी कार्यालय नव्हे, हा अर्ज इथे चालत नाही, असं मला सांगण्यात आलं. पुढे २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात हीच गोष्ट पक्की केली. मात्र १९६०च्या आमच्या सहकार कायद्यात कलम ३२ होतं. त्याच्या आधारे सभासदाला उपविधी म्हणजे सोसायटीचे नियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्तं पाहता येत होती आणि हिशेबाच्या वह्यांमधला त्याच्या स्वतःच्या व्यवहारांचा भाग पाहता येत होता. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तीन खेपा घालून मी जे मिळेल ते मिळवलं. एकाच नंबरच्या दोन पावत्या निघाल्या. पुढच्या निवडणुकीत लोकांनी मला कमिटीवर पाठवलं.

मी बँकेत एकतीस वर्षं काढली आहेत. ग्राहकाच्या खात्यातली शिल्लक घरी बायकोलाही सांगायची नाही, ही तिथली पहिली शिकवण. सोसायटीत आल्यावर मी नेमकं उलटं केलं. तळमजल्यावर काचेचा फळा बसवला आणि सगळं त्यावर लावायला लागलो. महिन्याचा जमाखर्च, वॉचमनचा पगार, टाकी धुतल्याची पावती आणि थकबाकीदारांची यादीसुद्धा, घर नंबर आणि रकमेसकट. यादी लागली की आठवड्यात पैसे यायचे. मला त्याचा अभिमान होता. आजूबाजूच्या सोसायट्यांतले लोक फळ्याचे फोटो काढून न्यायचे.

कलम ३२मधल्या 'त्याच्या स्वतःच्या व्यवहारांचा' या शब्दांकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. कायद्याने सभासदाला स्वतःचं पान दाखवायला सांगितलं होतं, मी चाळीस जणांना चाळीसही पानं दाखवत होतो.

यादी

संमतीपत्रं यायला लागली तेव्हा तक्ता फळ्यावर लावायचं मीच सुचवलं. घर नंबर, सभासदाचं नाव, 'संमती प्राप्त' किंवा 'अप्राप्त'. २०१९च्या कार्यपद्धतीत आलेल्या निविदांची यादी फलकावर लावायला सांगितलं आहे. संमती न देणाऱ्यांची यादी लावा, असं मला तरी त्यात कुठे सापडलं नाही. पण फळ्याची सवय होती. कुणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घेणारा 'अप्राप्त'मधलाच असणार हे सगळ्यांना दिसलं असतं.

सात नावं होती. एक जण अमेरिकेत, त्याची सही कुरिअरने आली. दोघा भावांचं वाटणीवरून भांडण होतं, ते मिटलं. एका आजोबांना नव्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली तर काय, एवढीच भीती होती. मुलाने समजूत घातली. होळीपर्यंत तीन राहिले, मे महिन्यात एक.

सात नावं असताना प्रत्येक नावावर सातव्या हिश्श्याची नजर होती. एकच उरलं तेव्हा चाळीस घरांतली नजर त्या एका दारावर जमा झाली. लोक वाईट नव्हते, हे मला आवर्जून सांगायचं आहे. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्लॅबचा तुकडा पडला होता. खाली दूध तापत होतं आणि बाजूला चार वर्षांची मुलगी उभी होती. त्या मुलीची आई जेव्हा म्हणाली, "त्यांना सही का करायची नाही हे आम्हाला कळायला नको का?", तेव्हा मला तिला उत्तर देता आलं नाही. आजही पूर्ण देता येत नाही.

सहयोगी सभासद

वहिनी एका रविवारी दुपारी आमच्याकडे आल्या. बायको देवळात गेली होती, ते बघूनच आल्या असाव्यात. बसल्या नाहीत. शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स पुढे केली आणि म्हणाल्या, "भावोजी, यावर नाव कुणाचं आहे ते तुम्हाला माहीत आहे."

नाव त्यांच्या यजमानांचं होतं. वहिनी सहयोगी सभासद. म्हणजे कायद्याने सभासद ते, आणि त्यांच्या गैरहजेरीत वहिनींना मत द्यायचं तर त्यांची लेखी संमती हवी. ते दुबईला नोकरीला असतात, दोन वर्षांतून एकदा येतात, येतात तेव्हा गावीच जातात, असं अख्खी इमारत सतरा वर्षं मानत होती. ते दुबईला नव्हते. दुसऱ्या एका शहरात त्यांचा दुसरा संसार होता. वहिनींनी शिवणकाम करून आणि पोळ्या लाटून मुलाला इंजिनियर केलं होतं. गळ्यात मंगळसूत्र, संक्रांतीला हळदीकुंकू, दिवाळीला 'त्यांनी पाठवलेला' चिवड्याचा डबा. तो डबा त्या ठाण्यातून आणत. हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. शेवटी फक्त म्हणाल्या, "संमती द्यायला मला त्यांची संमती हवी. ती मागायला मला जायचं नाही. आणि का जायचं नाही हे मला फळ्यावर यायला नको आहे."

वकिलाने त्यांना एक वाट सांगितली होती. ज्याच्याबद्दल सात वर्षं काहीच कानावर आलेलं नाही तो हयात नसावा, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १०८मध्ये ते आहे. 'काही ठावठिकाणा नाही' एवढं शपथेवर म्हणायचं. वहिनींनी नकार दिला. ठावठिकाणा त्यांना माहीत होता. शेजाऱ्यांना दुबई सांगणं वेगळं आणि न्यायाधीशापुढे शपथेवर खोटं बोलणं वेगळं, असं त्या म्हणाल्या. तो फरक त्यांना जितका लख्ख दिसत होता तितका मला त्या दुपारी दिसला नव्हता.

मी शब्द दिला की हे माझ्याजवळच राहील.

२४ ऑगस्ट २०१७ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा संविधानाच्या कलम २१मधल्या जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या दिवशी मी बँकेतल्या मित्रांना फोन करून आनंद व्यक्त केला होता. माझ्या डोळ्यांपुढे सरकार होतं, आधार होतं, मोठ्या कंपन्या होत्या. आपल्या जिन्यातला काचेचा फळा तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आला नाही.

तीन शब्द

जुलैच्या कमिटी सभेत माझ्यावर सगळे तुटून पडले. विकासकाने मुदत दिली होती. खजिनदार म्हणाले, "तुम्ही त्यांच्याशी बोलता, तुम्हाला कारण माहीत आहे, मग सोसायटीपासून लपवता का? पारदर्शकता तुम्हीच शिकवलीत ना आम्हाला?" माझ्याकडे दोन उत्तरं होती. 'मला माहीत नाही' हे खोटं झालं असतं. 'माहीत आहे, पण सांगणार नाही' हे खरं होतं आणि मी ते म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "घरगुती अडचण आहे."

फक्त तीन शब्द. मला वाटलं, सभ्यपणे झाकलं. प्रत्यक्षात मी लोकांना चौकट आखून दिली आणि आत भरायचं काम त्यांच्यावर सोपवलं. दोन दिवसांत तीन कहाण्या तयार झाल्या. मुलगा आणि आई घरावरून भांडतायत. घर कुणाकडे तरी गहाण आहे. आणि तिसरी, जी टिकली ती, दुसऱ्या एका विकासकाने त्यांना फोडलंय, त्या जास्त जागेसाठी अडून बसल्यात. मी काहीच बोललो नसतो तर कुतूहल राहिलं असतं. अर्धं बोललो, म्हणून संशयाला सेक्रेटरीचा शिक्का मिळाला.

या प्रकरणातली माझी सर्वांत मोठी चूक कोणती असं कुणी विचारलं तर मी फळा म्हणणार नाही, हे तीन शब्द म्हणेन.

चौदा सेकंद

२०१९मध्ये सायकली चोरीला गेल्या म्हणून आम्ही सीसीटीव्ही बसवले होते. आठ कॅमेरे, पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग. मशीन मीटर रूममधल्या कपाटात. पासवर्ड विसरायला नको म्हणून कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. किल्ली वॉचमनकडे. फुटेज कुणी, कशासाठी, कुणाला विचारून पाहायचं याचा ठराव कधीच झाला नव्हता. चोर सापडावा, एवढीच सगळ्यांची इच्छा होती आणि चोर म्हणजे बाहेरचा, हे गृहीतच होतं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप आली. रात्री पावणेदहाची वेळ, दुसऱ्या मजल्याचा जिना. एक उंच गृहस्थ प्लास्टिकची फाइल काखेत धरून उतरतायत. वहिनी दारात उभ्या. ते वळून काहीतरी सांगतात, त्या मान हलवतात, डोळ्यांना हात लावतात. चौदा सेकंद. खाली एका सभासदाचा प्रश्न : "हेच का ते दलाल?" ग्रुपवर एकसष्ट माणसं होती. वहिनींचा मुलगाही होता.

ते गृहस्थ वहिनींचे थोरले भाऊ होते. त्या रविवारनंतर वहिनींनी महिनाभर विचार केला होता आणि यजमानांना स्वतः न भेटता सही मिळवायची वाट शोधली होती. भावाने तिकडे जाऊन कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे यजमानांच्या वतीने सह्या करायचा अधिकार देणाऱ्या कागदावर, सही घ्यायची, त्या मुखत्यारपत्रावर वहिनींनी पुढचे सगळे कागद करायचे. काखेतल्या फाइलमध्ये त्याच मुखत्यारपत्राचा मसुदा होता. आठवड्याभरात भाऊ निघणार होते.

त्या रात्री अकरा वाजता वहिनी आमच्या दारात आल्या. मला वाटलं, भावाला दलाल म्हटलं म्हणून आल्या असतील. त्या म्हणाल्या, "गाऊनवर ओढणीही नव्हती हो माझ्या." आणि मग बराच वेळ तेच. "घरातल्या घरात होते मी. उंबऱ्याच्या आत होते. माझा पाय बाहेर नव्हता." मी क्लिप परत पाहिली. खरंच, त्या उंबऱ्याच्या आत होत्या. कॅमेरा जिन्याचा, पण दार उघडलं की दोन फूट घरही त्यात यायचं. चार वर्षं येत होतं. अशी किती घरं, किती दारं त्या मशीनमध्ये होती याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. कॅमेरा बसवायला सभेत हात वर झाले होते, वहिनींचाही झाला होता. चोरासाठी वर केलेला तो हात आपल्याच दारातल्या गाऊनसाठीही मोजला जाईल, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

वैयक्तिक विदा म्हणजे डेटा, त्याच्या संरक्षणाचा कायदा त्याच वर्षी, ऑगस्ट २०२३मध्ये संमत झाला. संमती कशी हवी हे त्याने सांगितलं आहे : मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कारणापुरती, माहिती असून दिलेली, बिनशर्त, निःसंदिग्ध. आणि द्यायला जितकी सोपी, मागे घ्यायलाही तितकीच सोपी हवी. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि बरीच कलमं लागू व्हायला अजून अवकाश आहे. तो कायदा माहितीपुरता आहे, पुनर्विकासाच्या सह्यांना तो लागू नाही, हे मला कळतं. तरी ते पाच शब्द वाचताना मी आमच्या इमारतीतल्या चाळीस संमतीपत्रांवर नजर फिरवली. बिनशर्त किती होती? चार वर्षांच्या मुलीची आई सही करते तेव्हा तिच्या डोक्यावरचा स्लॅब ही अटच असते. आणि मागे घेण्याची सोय तर कुणालाच नव्हती.

क्लिप मी ग्रुपवरून काढायला लावली. टाकणाऱ्याने माफी मागितली, पण ग्रुपवर नाही, मला एकट्याला. त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीला वहिनी खाली आल्या नाहीत. दरवर्षी त्यांचे एकवीस मोदक असत. आणि भावाचं जाणं त्यांनी थांबवलं. "आता नाही. आता सही केली तर क्लिप टाकली म्हणून केली असं होईल." पाच महिने गेले. पाच महिन्यांचं भाडं चाळीस घरांचं बुडालं आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या मुलीचा अभ्यास ताडपत्रीखाली झाला.

नंतर

फेब्रुवारीत भाऊ गेले आणि सही घेऊन आले. तिकडे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. मुखत्यारपत्राची नोंदणी झाली, चाळिसावं संमतीपत्र आलं, करार झाले, दिवाळीच्या आत इमारत रिकामी झाली.

त्याआधीच्या शेवटच्या सभेत मी तीन ठराव मांडले. फुटेज फक्त लेखी तक्रारीवर, दोन पदाधिकाऱ्यांसमोर, वहीत नोंद करून पाहायचं. हा मंजूर झाला. दारं दिसणार नाहीत असे कॅमेरे वळवायचे. हाही झाला, जरी इमारत पडायला चारच महिने होते. थकबाकीदारांची यादी फळ्यावर न लावता ज्याची त्याला नोटीस द्यायची, हा नामंजूर झाला. तेवीस विरुद्ध नऊ. बोलायला उठले ते खजिनदार. म्हणाले, "नाव लागतं म्हणून पैसे येतात. नाव झाकलं तर वेळेवर भरणाऱ्यानेच मूर्ख ठरायचं का?" मी स्वतः सोळा वर्षं हेच बोललो होतो. थकबाकीचा प्रश्न अजून माझ्या मनात सुटलेला नाही. ते पैसे सगळ्यांचे असतात, म्हणून हिशेब सगळ्यांना कळायलाच हवा. पण नोकरी गेलेल्या माणसाचं नाव शाळेतून येणाऱ्या त्याच्या मुलाने काचेआड वाचावं, हेही मला आता सहन होत नाही. एकूण थकबाकी किती, त्यावर काय कारवाई झाली, हे लावावं आणि नाव लावू नये, इथपर्यंत मी आलो आहे. सहकार कायद्याखाली वसुलीची कारवाई सुरू झाली की नाव कळणारच, तिथे मला हरकत नाही.

एका गोष्टीत मात्र माझं मत पूर्वीपेक्षा घट्ट झालं आहे. ज्याच्या हातात दुसऱ्यांचे पैसे किंवा दुसऱ्यांवरची सत्ता आहे त्याने उघडं असलं पाहिजे, आणि त्याला 'हे माझं खासगी' म्हणायची मुभा नसावी. म्हणून त्याच विदा कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे)मध्ये, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारायची मुभा देणाऱ्या कलमात, केलेला बदल मला खुपतो. पूर्वी त्या कलमातच दोन आधार होते. व्यापक लोकहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यायची, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारायची नाही. आता त्या कलमात 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं आहे. लोकहिताची तरतूद कलम ८(२)मध्ये आहे, पण २००६मध्ये तीन खेपा घालणाऱ्या माणसाला माहीत असतं की टेबलापलीकडचा माणूस पहिलं सापडेल ते कलम दाखवतो. वहिनींना जे पांघरूण मिळायला हवं होतं ते त्यांना आम्ही दिलं नाही, आणि एकाच नंबरच्या दोन पावत्या करणाऱ्याला ते आता सहज मिळेल. हे मला दुखतं.

आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या आईचं काय? तिच्याकडे कसलीच सत्ता नव्हती. तिचा प्रश्न वाजवी होता आणि तरी उत्तर मिळण्याचा हक्क तिला नव्हता, असं मी मानतो. ज्याच्याकडे संमती मागायची त्याच्याकडे नकाराचं कारणही सक्तीने मागितलं तर पुढच्या वेळी तो सही करतो ती कारण लपवायला करतो. पण हे तिला तोंडावर सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी 'घरगुती अडचण' म्हणून सुटका करून घेतली.

घरातलंही एक सांगायला हवं. माझ्या बायकोची आणि वहिनींची वीस वर्षांची मैत्री. दोघी पहाटे संभाजी मैदानात फिरायला जायच्या. त्या क्लिपखाली बायकोनेही 'काय खरं ते एकदा कळू दे' असं लिहिलं होतं. या लेखाचा कच्चा खर्डा वहिनींच्या परवानगीने तिला वाचायला दिला, तेव्हा तिला खरी अडचणही कळली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंस तर मी ते लिहिलं नसतं." खरं आहे ते. तिला सांगितलं असतं तर एक मैत्री कमी दुखावली असती. तरी सांगायला नको होतं, असंच मला वाटतं, आणि ते वाटणं मी तिच्यावर लादू शकत नाही.

आता आम्ही सगळे भाड्याच्या घरांत विखुरलो आहोत, कुणी ठाण्यात, कुणी भांडुपला. गेल्या महिन्यात एका लग्नात जुने शेजारी भेटले. जेवताना हळूच म्हणाले, "शेवटी मिळवलेच ना त्या बाईंनी पन्नास फूट जास्त?" मी म्हणालो, असं काही नाही, सगळ्यांना सारखीच जागा आहे, करारांचा तक्ता सोसायटीकडे आहे, कुणीही पाहू शकतो. ते म्हणाले, "कागदावर सारखीच असणार."

वहिनींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे भावोजी. हावरी म्हणतात ना, म्हणू दे. तेवढ्यावर थांबतायत." मी त्या शेजाऱ्यांना तक्त्याचं पान पाठवलं, चाळीस ओळी, शेवटच्या रकान्यात चाळीस वेळा तेच क्षेत्रफळ. त्यांनी ते पाहिलं. उत्तर आलेलं नाही.